सहावी बरणी

माझ्या आईचे अकोल्याचे मावसभाऊ हे साऱ्या वऱ्हाडातील एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांनी दुपारी चार वाजता रात्र सुरू करण्याचा अधिकार परस्पर स्वतःकडे घेतला आहे. इतरांची रात्र सूर्यावर अवलंबून असते. मामांची एका लोखंडी दरवाजावर. हिवाळ्यातील प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते रेल्वेच्या रुळांपलीकडे, कापसातील सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये जातात, उंच खिडक्यांवर रुईच्या गाठींची जुनी बारदाने ओढतात, मोठा दरवाजा सरकवून त्यातील एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी उघडी ठेवतात आणि जाहीर करतात, "झाली रात्र." बाहेर गच्च्यांवर धुणी वाळत असतात, शेळ्या उन्हाला बसलेल्या असतात, आत मात्र काळोख, एक निळा दिवा आणि दोन तबकड्यांवर वाकलेले, सत्तरीकडे झुकलेले मामा. या प्रकाराला ते क्लबनाईट म्हणतात. शेडच्या मालकांनी दिवेलागणीपर्यंतच परवानगी दिलेली असल्यामुळे ही क्लबनाईट खरी रात्र पडण्याच्या आत संपते, आणि नाचून दमलेली माणसे बाहेर येतात तेव्हा पश्चिमेला थोडा उजेड शिल्लक असतो. पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण त्या क्षणी थबकतो. आपण आत नक्की किती वेळ होतो, हे त्याला सांगता येत नाही. मलाही सांगता आले नव्हते. आणि मी तर घड्याळ, गणक व नोंदवही घेऊन आत गेले होते.

आमच्या घराण्यात वकील, शिक्षक आणि भिक्षुक यांची कमतरता कधीच नव्हती. मामा मात्र वयाच्या विसाव्या वर्षी याच जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागले आणि ते बंद पडेपर्यंत तेथेच राहिले. "मंत्र म्हणणारे आणि कलमे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ," असे माझी आई अमरावतीहून फोनवर म्हणते, "बोल्ट आवळणारा एकच निघाला. तू त्याच्या नादी लागू नकोस, तुझा प्रबंध राहील." जिनिंगमधील माणसे यंत्राच्या आवाजापासून बचाव म्हणून कानात कापसाचे बोळे घालीत. मामांनी ती सवय सोडलेली नाही. संगीत वाजवतानाही त्यांचे दोन्ही कान कापसाने गच्च बंद असतात. ताल बरोबर आहे की नाही, हे ते शेडच्या लोखंडी खांबावर डावा तळवा ठेवून ठरवतात. "कान खोटं बोलते," असे त्यांचे मत. "लोखंड नाई बोलत." मी एकदा त्यांच्याशेजारी तळवा ठेवून पाहिला. खांब थरथरत होता, हे खरे. तबकडी बदलण्यासाठी संगीत थांबले, तेव्हाही तो काही काळ थरथरत राहिला. लोखंडाला स्वतःची कंपनसंख्या असते. मी तसे नोंदवून ठेवले आणि हात काढून घेतला.

त्यांच्या संगीताच्या तळाशी नेहमी एकच ध्वनिफीत असते. जिनिंग बंद होण्याच्या दिवशी मामांनी शेवटच्या पाळीला टेपरेकॉर्डर नेला होता आणि यंत्रे थांबेपर्यंतचा आवाज भरून घेतला होता. त्या तालावर ते नव्या जमान्यातील वाटेल ती धून बसवतात, पण ताल जिनिंगचाच. नीट ऐकले तर त्यात माणसेही आहेत. एक बाई हसते. कोणी खोकतो. कोणी म्हणतो, "अरे, बंद कर ना ते डबडं." त्या पाळीत मामांखेरीज सात माणसे होती: रुक्मामाय, शेखचाचा, दोन सख्खे भाऊ, एक मुकादम आणि सरकी भरणाऱ्या दोघी बहिणी. त्यांपैकी आज एकही हयात नाही. ते सातही जण उत्तरेच्या भिंतीलगतच्या यंत्रांवर असत. यंत्रे केव्हाच भंगारात गेली. परंतु प्रत्येक कार्यक्रमापूर्वी मामा खडू घेऊन त्या भिंतीलगत जमिनीवर सात चौकोन आखतात. एकेकाची उभे राहण्याची जागा. का, असे विचारले तर म्हणतात, "पाय पडाले नको कोनाचा."

याहून विलक्षण त्यांचा फोन. घरात तारेचा जुना फोन अजून जोडलेला आहे आणि त्याच्याशेजारी एक वही आहे. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मामा सकाळी अंघोळ करून बसतात आणि वहीतील पहिले सात क्रमांक क्रमाने फिरवतात. त्यांतील एकही चालू नाही. पलीकडून ध्वनिमुद्रित बाईचा आवाज येतो, की हा क्रमांक अस्तित्वात नाही. मामा तिचे बोलणे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पूर्ण होऊ देतात, कारण बाईमाणसाला मध्येच तोडणे त्यांच्या स्वभावात नाही. मग म्हणतात, "हो बाई. बरं, रुक्मामाय, रयवारी चार वाजता. येजो." आणि फोन ठेवतात. मी हे प्रथम पाहिले तेव्हा शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "मामा, तो क्रमांकच अस्तित्वात नाही."

"नंबर नाई अस्तित्वात, असं म्हनते ते," मामा पुढचा क्रमांक फिरवत म्हणाले. "मानूस नाई, असं कुठी म्हनते?"

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात संशोधन करत होते. मला परदेशातील एका प्रयोगशाळेत जायचे होते आणि त्यासाठी माझ्या प्रत्येक रविवाराचे नियोजन तासांत झालेले होते. त्यात मामा बसत नव्हते. ते बसवावे लागले, याला कारण एक शिडी. ध्वनिक्षेपक टांगताना मामा तिच्यावरून पडले आणि पाय मुरगळल्यामुळे जवळजवळ दोन तास शेडमध्ये एकटे पडून राहिले. हे कळताच त्यांची एकुलती लेक, जी पुण्यात एका बँकेत आहे आणि जिला मी ताई म्हणते, ती धावत आली. मामांनी सामान विकून तिच्याकडे राहायला यावे, हा तिचा निर्णय होता. मामांनी दोन दिवस ध्वनिक्षेपकाच्या तारा दुरुस्त केल्या. तिसऱ्या दिवशी ताई मला समोर बसवून म्हणाली, "बाबा म्हणतात, मी इथे एकटा नाही. तू विज्ञानवाली आहेस, तूच मोज. तीन कार्यक्रम. त्यांपैकी एकाला जरी शंभर माणसं आली, तर मी मानीन की ते एकटे नाहीत आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर त्यांनी यायचं."

"शंभरच काहून?" मामांनी विचारले.

"कारण मागच्या वेळी अकरा होते, बाबा."

मामांनी कानातील कापूस काढला, बोटांवर फिरवला आणि पुन्हा घातला. त्यांच्या भाषेत याला होकार म्हणतात.

माणसे आणायची तर समाजमाध्यमांची निवड करणे भाग होते, आणि एखाद्या मुलीसाठी स्थळ पाहावे तशा बारकाईने मामांनी ती करायला घेतली. त्यांनी चार माध्यमे निवडली आणि त्यांना स्वतःची नावे दिली. निळे, ज्यावर आता बहुतेक मावश्या आणि निवृत्त मुख्याध्यापक उरले आहेत, ते चावडी. छायाचित्रांचे ते फोटोवाली. निरोपांच्या गटांचे ते हिरवी. आणि ज्यावर लोक एकमेकांना बढतीबद्दल शुभेच्छा देतात ते नोकरीवाली. चारही ठिकाणी त्यांनी आपले खाते उघडले आणि आठवडाभर केवळ त्यांची वागणूक पाहिली. फोटोवाली त्यांना उथळ वाटली: "थे मानसाच्या पयले त्याचं जेवन पायते." हिरवीत रोज सकाळी दोनशे फुले यायची, तेव्हा ते प्रत्येकाला वेगळे "राम राम" लिहीत बसत आणि दुपार होई. नोकरीवालीवर त्यांनी क्लबनाईटची जाहिरात टाकली, तर एकोणतीस जणांनी नव्या पदाबद्दल त्यांचे अभिनंदन केले. नागपूरच्या एका गृहस्थांनी त्यांच्या नेतृत्वगुणांची वाखाणणीही केली. मामांनी ती मला दोनदा वाचून दाखवली. "चाळीस वर्सं वंगन लावलं," ते म्हणाले, "कोनी म्हनलं नवतं."

मला हा गोंधळ सहन होईना. माझा विषयच सापळ्यांचा. शेतात बोंडअळीचा पतंग पकडण्यासाठी आम्ही कामगंध सापळे लावतो: प्रत्येकात वेगळ्या मात्रेचा गंध, आणि एकात मुद्दाम काहीच नाही. या बिनगंधाच्या सापळ्यात काहीही पडू नये, हेच त्याचे काम असते. त्यात पतंग सापडले, तर चूक मोजणाऱ्याची असते. तीच रीत मी इथे लावली. चारही माध्यमांवर एकच जाहिरात, पण प्रत्येकीच्या कडेचा रंग निराळा. दिंडीच्या आत, जिथे बाहेरचा उजेड पडतो, तिथे बाकावर सहा काचेच्या बरण्या. चार त्या चार रंगांच्या. पाचवी पिवळी, तोंडी निरोप मिळून आलेल्यांसाठी. सहावी पांढरी; पांढऱ्या कडेची जाहिरात कुठेच प्रसिद्ध केलेली नव्हती. शेजारी एका वाडग्यात मोजून दीडशे सरक्या. आत येणाऱ्याने एक सरकी उचलायची आणि आपल्याला जिथून कळले त्या रंगाच्या बरणीत टाकायची. शिवाय दिंडीपाशी मी स्वतः, पतंग मोजायचा गणक हातात घेऊन. माणूस वाकून आत आला की एक टिचकी. मामांनी ही मांडणी बघितली आणि पांढऱ्या बरणीवर बोट ठेवून विचारले, "हे कोनाची?"

"कोणाचीच नाही. ती रिकामी राहिली पाहिजे."

"अशी कशी राहीन," मामा स्वतःशीच म्हणाले आणि खडू शोधायला गेले.

पहिल्या रविवारी चार माध्यमांवर मिळून सहाशेहून अधिक लोकांनी अंगठे आणि बदाम दिले होते. प्रत्यक्षात गणकावर एकोणीस टिचक्या पडल्या. मी बरण्या मोजायला घेतल्या आणि पांढरीत सात सरक्या निघाल्या. वाडगा मोजला: दीडशेतून सव्वीस गेलेल्या. एकोणीस माणसे, सव्वीस सरक्या. कोणीतरी मूठ भरून टाकली असणार, असे मी लिहिले. पण मला दुसरी एक गोष्ट खटकली होती. काळोखात नाचणाऱ्या माणसांची दाटी मी दर दहा मिनिटांनी कागदावर ठिपक्यांनी मांडत होते. कीटकांचीही आम्ही अशीच मांडतो. शेड प्रशस्त, माणसे मोजकी, तरीही सगळे ठिपके दक्षिणेकडे दाटलेले. उत्तरेच्या भिंतीलगत एकही नाही. खडूचे चौकोन निळ्या अंधारात दिसत नव्हते. तरी मागे मागे येत नाचणारा प्रत्येक जण त्यांच्यापासून हातभर अलीकडे थांबत होता आणि वळत होता, जशी आपण गर्दीत कोणाच्या तरी पाठीला लागण्याआधी वळतो.

त्यानंतर काही दिवसांनी बसस्थानकावर आम्हाला बार्शीटाकळीच्या एक शिक्षिका भेटल्या. चावडीवर त्यांनी जाहिरातीला सर्वांत आधी अंगठा दिला होता. मामांनी विचारले, "बाई, तुमी आल्या नाई?"

"कशी येऊ, भाऊ?" बाई जराशा रुसूनच म्हणाल्या. "तुमी टाकलं, आमी पाह्यलं. पन मले बोलावलं कुठी तुमी? भितीवर कागद लावला म्हनून कोनी लग्नाले जाते का?"

मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला माझ्या मार्गदर्शकांकडूनही कधी मिळालेली नाही. माझ्या साऱ्या मांडणीत एक मूलभूत चूक होती. मी माणसांना पतंग समजले होते. पतंगाला गंध पुरतो. वऱ्हाडातील माणसाला बोलावणे लागते, तेही नावानिशी, घरच्यांची विचारपूस करून. नाहीतर तो कौतुक करील, अंगठा देईल, पण उंबरा ओलांडणार नाही. त्या दिवसापासून मामा अंगठा देणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र लिहू लागले: गुडघा कसा आहे, तूर कशी आहे, धाकटी बाळंत झाली का, आणि रविवारी घरच्यांना घेऊन या. दोन बोटांनी, दिवसाला ऐंशी माणसे. शेवटी चावडीला संशय आला. एवढ्या निष्ठेने एवढ्या लोकांची चौकशी करणारे यंत्रच असले पाहिजे, असे ठरवून तिने मामांचे खाते दोन दिवस गोठवले आणि आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी नऊ चित्रांतून सायकली ओळखायला लावल्या. मामांनी सायकली ओळखल्या. "आता तिनं बी सिद्ध कराव," असे मात्र ते बराच वेळ पुटपुटत होते.

दुसऱ्या रविवारी अठ्ठावन्न टिचक्या पडल्या. या वेळी मी पांढऱ्या बरणीची व्यवस्था केली होती. ती उलटी करून झटकली, तोंडावर मलमल ताणली, आम्ही अळ्यांच्या बरण्यांना बांधतो तशी दोऱ्याने बांधली आणि गाठीवर कागद चिकटवून माझी सही केली. कार्यक्रम संपल्यावर सही जागच्या जागी होती, गाठ माझीच होती, आणि मलमलीखाली सात सरक्या होत्या. वाडग्यातूनही माणसांपेक्षा सात सरक्या जास्त गेलेल्या. मी बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मामा तारा गुंडाळत जवळ आले, बरणीत डोकावले आणि समाधानाने म्हणाले, "आले म्हनजे सगये." नोंदवहीत स्पष्टीकरणाच्या रकान्यात मी 'प्रलंबित' असे लिहिले. हा शब्द मी प्रबंधातही पुष्कळ वापरला आहे. पण तो लिहिताना दिंडीबाहेरचा उजेड पाठीवर घेऊन बसावे, असे कधी वाटले नव्हते.

माध्यमाची अंतिम निवड त्याच आठवड्यात झाली, आणि ती माझ्या तक्त्यांवरून झाली नाही. मी तक्ते घेऊन मामांच्या घरी गेले तेव्हा ते कार्यक्रमाचे एक छायाचित्र चारही माध्यमांवर चढवत होते. नाचणारी माणसे पुढे, मागे उत्तरेची रिकामी भिंत. तीन माध्यमांनी ते निमूटपणे घेतले. चावडीने मात्र, तिच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे, चेहऱ्यांभोवती चौकोन आखून त्यांची नावे विचारायला सुरुवात केली. पुढच्या माणसांभोवती चौकोन पडले. मग भिंतीवर पडू लागले. एक, दोन, तीन. मी पडद्यावर बोट ठेवून मोजले. ओल आलेल्या, पोपडे सुटलेल्या त्या भिंतीवर सात चौकोन, आणि प्रत्येकाखाली तोच नम्र प्रश्न: यांना आपण ओळखता का?

"ओलीचे डाग आहेत, मामा," मी म्हणाले. "यंत्राला डागांत डोळे-तोंड दिसतं. ही त्याची ठाऊक असलेली चूक आहे."

"असन," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, तो पडद्याजवळ नेला आणि डावीकडून तिसऱ्या चौकोनाकडे पाहून हलकेच हसले. "थ्या तिघींले काढून टाक वं. हेच ठेव. हिले आपली मानसं दिसतात."

माझ्याजवळ चार माध्यमांच्या तुलनेची पाच पाने होती. त्यांचा निष्कर्षही योगायोगाने चावडी हाच होता. मी ती पाने पिशवीतून बाहेरच काढली नाहीत.

तिसऱ्या आणि शेवटच्या रविवारी शेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर साडेतीनपासूनच माणसे दिसू लागली. बार्शीटाकळीच्या बाई दोन जावांना घेऊन आल्या होत्या. बोलावणे मिळाल्याचा मान त्यांच्या चालण्यात दिसत होता. निवृत्त मुख्याध्यापक आले, विद्यापीठातील माझ्या मैत्रिणी आल्या, नागपूरहून ते नेतृत्वगुणवाले गृहस्थ गळपट्टा लावून आले. मामांनी एका स्नेह्याकडून मागवलेली चिखलदऱ्याची कडू कॉफी छोट्या पेल्यांतून फिरत होती. माझा अंगठा गणकावर अखंड चालत होता. सत्तर. ऐंशी. नव्वदच्या पुढे टिचक्या विरळ झाल्या. शेवटच्या अर्ध्या तासात दोघेच आले. आत जिनिंगचा ताल वाढत गेला, त्यात ती बाई हसली, कोणी खोकले, आणि उत्तरेच्या भिंतीलगतची ती रिकामी पट्टी शेड गच्च भरली असतानाही तशीच रिकामी राहिली. मी गणकाकडे पाहिले. त्र्याण्णव.

दिवेलागणीला सगळे निघून गेल्यावर मी बरण्या मोजल्या. पांढरीत सात. ती मी या खेपेला मलमल बांधून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले होते. वाडग्यातून बरोबर शंभर सरक्या गेल्या होत्या. ताईचा फोन वाजू लागला आणि मला आयुष्यात प्रथमच आकड्याची भीती वाटली. खोटे सांगायला फार काही लागले नसते. वाडगा साक्षीला होता. मामा माझ्याकडे न पाहता ध्वनिक्षेपकाला जुने लुगडे गुंडाळत होते. "जे हाय ते सांगजो," ते म्हणाले. "मोजनाराचं इमान जाऊ नाई."

मी फोन घेतला आणि सांगितले, "ताई, दारातून त्र्याण्णव आले."

मामांनी ऐकले. कानात कापूस असूनही ऐकले. त्यांचा हात लुगड्यावर थांबला, मग त्यांनी ते नीट, घड्या मोडून, शेवटपर्यंत गुंडाळले, जसे लांबच्या प्रवासाला निघणारे सामान गुंडाळतात. पलीकडून पुण्यातील तिच्या घरातला पंखा मला ऐकू येत होता.

"आणि भिंतीकडचे?" तिने विचारले.

बरण्यांबद्दल मी तिला कधी अक्षरही सांगितले नव्हते. चौकोनांबद्दलही नाही. "सात," मी म्हणाले.

"मला इकडे त्या फोटोवर विचारलं होतं," ताई सावकाश म्हणाली, "यांना ओळखता का म्हणून. लहानपणी रोज डबा घेऊन यायचे गं मी बाबांचा. रुक्मामाय मला सरकी खायला द्यायची, मुकादम ओरडायचा. मी सातही नावं लिहिली." तिने मनाशी बेरीज केली. "म्हणजे शंभर झाले. बाबांना सांग, शिडीवर चढायला कोणीतरी धडधाकट माणूस लावा. भिंतीकडच्यांना सांगू नका."

मी निरोप दिला. मामा खाली बसले, दोन्ही कानांतील बोळे काढून त्यांनी खिशात ठेवले आणि बराच वेळ शेडमधील शांतता ऐकत राहिले. कापसाशिवाय त्यांना काही ऐकताना मी तेवढे एकदाच पाहिले. मग त्यांनी शेजारच्या खांबावर तळवा ठेवला आणि मलाही खुणेने ठेवायला सांगितला. या वेळी मी तो काढून घेतला नाही.

आता मी परदेशातील त्याच प्रयोगशाळेत आहे, जिच्यासाठी सारे रविवार राखून ठेवले होते. इथे दुपारी चार वाजताच खरोखर अंधार पडतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. कामात व्यत्यय नको म्हणून मी सर्व माध्यमांवरची खाती बंद केली आहेत. त्यामुळे मामांचे बोलावणे मला कुठून पोचणार, हा प्रश्नच आहे. निघताना मी त्या वाडग्यातील एक सरकी आणली होती. ती माझ्या प्रयोगशाळेतील अ‍ॅप्रनच्या खिशात असे. गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. कार्यक्रम छान झाला, ताई पुण्याहून येऊन दिंडीपाशी मोजायला बसली होती, बार्शीटाकळीच्या बाईंनी आता आपला वेगळा गट केला आहे, हे सगळे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तुह्या वसतिगृहाच्या जुन्या फोनवर लावला होता मी. थे बाई म्हने, नंबर अस्तित्वात नाई. मी म्हनलं, हो बाई. अन् सांगून ठेवलं तुले, रयवारी येजो म्हनून."

"मग?" मी विचारले.

"मंग काय. पांढऱ्या बरनीत आठ निंघाल्या."

मी अ‍ॅप्रनच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. त्या आठवड्यात अ‍ॅप्रन धुण्यासाठी गेला होता, हे मी येथे नोंदवून ठेवते. ते स्पष्टीकरण पुरेसे आहे आणि मी ते मामांना सांगितले नाही. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. कुठल्याशा यंत्राच्या तालावर माझा पाय टेबलाखाली हलत होता, आणि तो केव्हापासून, हे मला सांगता येत नव्हते.

"जागा पुरली का तिकडे?" मी विचारले.

"पुरली ना," मामा म्हणाले. "रुक्मामायच्या बाजूले आखली हाय तुही. खडूनं."